जीवदया आणि चाऱ्याचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गतकार्याचे स्मरण व्हावे आणि पुढील वाटचालीचा विचारही व्हावा, हे उचितच होय. जैन समाजाने हाती घेतलेल्या सेवाकार्यांत जीवदयेचे स्थान अग्रभागी आहे. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध लोकक्षोभ उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सहकारी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. त्या मंडळींनी केवळ जागा दिली नाही. व्यापारी मालावर लाग बसवून कायम उत्पन्नाची सोयही केली. दयेला नियमित उत्पन्नाचा आधार लागतो, ही जाण त्या काळीही होती. आजच्या विषयाचे सार त्यातच आहे.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचे भाग्य एकसारखे नाही. महाबळेश्वरास पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, कऱ्हाड येथे ऊस डोलतो, तर आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळच्या माळावर कुसळी गवताखेरीज फारसे काही उगवत नाही. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांनी काही गावांचे रूप पालटले, तरी माळरान अद्याप माळरानच आहे. याच रुक्ष प्रदेशाने खिलार हे काटक गोधन घडविले. म्हसवड व पूर्वीच्या औंध संस्थानातील आटपाडी महाल ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. खरसुंडीच्या यात्रेत आजही खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो.

परंतु खिलार हे मुळात कष्टाचे जनावर; गाईचे दूध बेताचेच. शेतात ट्रॅक्टर आला आणि बैलाचे काम गेले. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल व वळूंनाही लागू झाली. जैन समाजाने तिचे मनःपूर्वक स्वागत केले. मात्र कत्तल थांबली म्हणजे पोट भरले, असे होत नाही. वयोवृद्ध बैल, भाकड गाय, जर्सी वा होल्स्टिन संकराचा गोऱ्हा यांना सांभाळण्याची ऐपत कोरडवाहू शेतकऱ्यास नसते. मग ही जनावरे रस्त्यावर येतात, नाहीतर पांजरपोळाच्या दारी पोहोचतात. बरगड्या वर आलेल्या, खुरे वाढलेल्या, पोटात प्लॅस्टिक साठलेल्या अशा पन्नास-शंभर जनावरांचा कळप आणि त्यांच्यासाठी दान मिळालेला वीस एकरांचा उजाड माळ, अशा स्थितीत नव्या संस्थेचा प्रारंभ होतो. हा प्रारंभ कसा करावा?

उत्तर शोधताना प्रथम धर्माकडेच वळावे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत बांधणे, मारणे व अवयवछेद यांच्याबरोबर अतिभार लादणे आणि अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित प्राण्याचे अन्नपाणी रोखणे, यांचीही गणना आहे. कसायाच्या दारातून सोडविलेली गाय पांजरपोळात उपाशी राहिली, तर तो दोष कोणाच्या खाती जमा होईल? हा प्रश्न कटू वाटेल. पण तो विचारल्यावाचून जीवदयेचे कार्य पूर्ण होत नाही.

आता साधा हिशेब मांडू. तीनशे किलो वजनाच्या जनावरास दिवसाला किमान सहा किलो सुका चारा लागतो. शंभर जनावरांना रोज सहाशे किलो, म्हणजे वर्षास सुमारे २१९ टन. उजाड माळावर हेक्टरी एक टन वाळले गवत निघेल असे धरले आणि जमीन जगावी म्हणून त्यातील निम्मे राखले, तर वीस एकरांतून, म्हणजे आठ हेक्टरांतून, फक्त चार टन हाती येते. शंभर जनावरांना ते पुरते सात दिवसही पुरत नाही! उरलेल्या ३५८ दिवसांचा चारा विकतच आणावा लागणार. म्हणून माळ मिळाला म्हणजे चाऱ्याची सोय झाली, हा समज प्रथम सोडावा. त्या माळावर शंभर जनावरे मोकाट सोडणे हा जनावरांचा अन्नपाननिरोध तर आहेच, शिवाय भूमीवरील अतिभारही आहे.

यास्तव पहिला नियम असा की, जनावरांची संख्या साठ्यातील चाऱ्यावरून ठरावी. निदान चार महिन्यांचा चारा गंजीत असल्याखेरीज नवे जनावर घेऊ नये. दारी आलेल्या जीवास नाही म्हणणे फार कठीण असते. पण एकाला नाही म्हणता न आल्याने आतील शंभरांच्या तोंडचा घास कमी होतो, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा टप्पा पहिल्या महिन्याचा. नव्याने आलेले जनावर तीन-चार आठवडे कळपापासून वेगळे बांधावे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा विलगीकरणाचे महत्त्व सर्वांस पटले. लाळ-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी कधी द्याव्यात हे पशुवैद्यकाने ठरवावे. अगदी अशक्त जनावरास आधी थोडी उभारी येऊ द्यावी लागते. कानात बिल्ला, वहीत नोंद, आणि महिन्यातून एकदा मापाच्या फितीने छातीचा घेर मोजणे, एवढे केले तरी कोणते जनावर सुधारत आहे आणि कोणते खंगत आहे हे कळते. डोळ्यांनी पाहून ते समजत नाही, कारण रोज पाहणाऱ्यास फरक दिसत नाही.

उपाशी जनावरास प्रथम पाणी थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे; मग कडबा किंवा वाळले गवत, आणि हिरवा चारा क्रमाक्रमाने वाढवावा. धान्य, पीठ, भात, पोळ्या, गूळ वा मिठाई यांचा मोह कटाक्षाने टाळावा. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात असे अन्न एकदम गेले की आम्ल तयार होते आणि जनावर दगावू शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील एका गोशाळेत शिळे अन्न खाण्यात आल्याने पन्नासहून अधिक गाई दगावल्याचे वृत्त आले होते. सणावाराला, वाढदिवसाला भक्तिभावाने पोळ्या घेऊन येणाऱ्या दात्यांनी हे ध्यानी घ्यावे. गाईला पक्वान्न नको, कडबा हवा. त्या पोळ्यांच्या खर्चात पेंढ्या दिल्या तर पुण्य उणे होणार नाही.

जंतनाशक व गोचीडनाशक औषधांविषयी काही श्रावकांच्या मनात संकोच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. त्यावर पहिला उपाय स्वच्छतेचा होय. कोरडी जमीन, भिंतीच्या भेगा बुजविणे, शेण रोज उचलणे आणि दलदलीच्या जागी चरावयास न सोडणे यांनी उपद्रव मुळातच घटतो. त्याउपर औषध लागल्यास पशुवैद्यकाचा निर्णय मानावा. नरांचा प्रश्नही असाच नाजूक आहे. वळू व गाई एकत्र राहिल्या तर कळप आपोआप वाढत जातो आणि सारा हिशेब कोलमडतो. खच्चीकरणाविषयी संकोच असेल, तर नर व मादी यांची स्वतंत्र व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच करावी.

तिसरा टप्पा माळाचा. त्याला पहिली गरज विश्रांतीची आहे. संपूर्ण पावसाळाभर जनावरे आत सोडू नयेत. उतारावर समपातळी चर खोदून, दगडी बांध घालून पाणी मुरवावे. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ मध्ये आणि माण तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ मध्ये श्रमदानाच्या बळावर वॉटर कप स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळविला; तेव्हा धडा घेण्यासाठी दूर जावयास नको. मारवेल, पवना व डोंगरी या आपल्याकडील गवतांचे बी आणि जोडीला स्टायलोसारखे द्विदल पहिल्या पावसात टाकावे. कुसळी गवतही निरुपयोगी नाही, मात्र ते कोवळे असतानाच कापावे. कुसळे धरली की जनावरांच्या तोंडास इजा होते. शेवरी, हादगा व सुबाभूळ बांधावर लावावीत. गवत कापून गोठ्यात आणावे, चराई टाळावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून हेच साधले. हे काम दोन-तीन पावसाळ्यांचे आहे. पहिल्या वर्षी फळाची अपेक्षा धरू नये.

तोवर चारा कोठून येणार? कृष्णाकाठी गळीत हंगामात उसाचे वाढे मुबलक मिळते. परंतु केवळ वाढ्यावर जनावर पोसू नये. त्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरातील कॅल्शियम बांधले जाते आणि हाडे कमकुवत होतात. वाढ्याबरोबर कडबा व क्षारमिश्रण अवश्य द्यावे. कडब्याची कुट्टी केल्यास बरीच नासाडी वाचते. पावसाळ्यातील जादा हिरव्या मक्याचा मुरघास करून ठेवला, तर तो उन्हाळ्यात कामी येतो.

आता अर्थव्यवहार पाहू. दानाचा ओघ पर्युषण व दशलक्षण पर्वात, म्हणजे भाद्रपदाच्या सुमारास, मोठा असतो. शाळूचा कडबा मात्र माघ-फाल्गुनात निघतो आणि तेव्हाच तो स्वस्त असतो. वैशाखात त्याच पेंढीचा भाव चढतो. भाद्रपदात आलेली रक्कम बांधकामात खर्च होते आणि वैशाखात चढ्या भावाने खरेदी करावी लागते, हा अनेक संस्थांचा अनुभव आहे. म्हणून चारा निधीचे खाते वेगळे ठेवावे, आणि खळ्यावरच्या खरेदीपूर्वी त्यास हात लावू नये.

कायमी तिथीचाही फेरविचार अगत्याचा आहे. कडबा किलोला दहा रुपये धरला, तर शंभर जनावरांचा एका दिवसाचा चारा सहा हजार रुपयांचा होतो. सहा टक्के व्याजाने एवढी रक्कम दरवर्षी मिळण्यास एक लाखाची ठेव लागते. एक हजाराच्या जुन्या तिथीवर वर्षाचे साठ रुपये व्याज येते. त्यात एका जनावराचा एका दिवसाचा कडबा होतो. दात्याचे नाव फलकावर राहते, पण त्याच्या संकल्पाची पूर्ती होत नाही. जुन्या दात्यांच्या वारसांनी आपल्या पूर्वजांच्या तिथीत यथाशक्ती भर घालावी, हीच त्यांना खरी आदरांजली होय. २०२४ साली राज्य शासनाने देशी गाईस राज्यमाता-गोमाता घोषित करून नोंदणीकृत गोशाळांना देशी गाईमागे दररोज ५० रुपये अनुदान मंजूर केले. हे साहाय्य स्वागतार्ह आहे. पण बैल, संकरित जनावरे, मजुरी, पाणी आणि औषधे यांचा भार संस्थेवरच राहतो.

अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी चालविली, आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. हजारो जनावरे तेथे राहिली, पण ती आपापल्या मालकांसह! शेतकरी कुटुंबे जनावरांजवळ वस्तीला होती. शेणपाणी, राखण, वैरण तीच करीत. पाऊस पडताच जनावरे घरी परतली. पांजरपोळात आलेले जनावर मात्र बहुधा परतत नाही. पुढील सात-आठ वर्षांचा खर्च संस्थेवर पडतो. उन्हाळ्याचे तीन महिने गरजू शेतकऱ्यास त्याच्याच गोठ्यात सवलतीने वैरण पुरविली, तर तेवढ्याच निधीत कितीतरी अधिक जीव वाचतील आणि त्यांचे घरही सुटणार नाही. जनावर उपेक्षित होण्यापूर्वीच त्याला हात देणे ही श्रेष्ठ जीवदया होय.

या भागातील जैन समाजाचे एक वैशिष्ट्य आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे बांधव आहेत आणि पेढीवर बसणारेही आहेत. एकास वैरणीची पारख आहे, दुसऱ्यास वहीखात्याची. पांजरपोळाच्या कार्यकारिणीत मात्र बहुधा एकच बाजू दिसते. सुवर्णमहोत्सवी वर्षात दोघांनी एका बैठकीवर बसून तीन आकडे दर महिन्यास मंदिराच्या फलकावर लिहावेत: जनावरे किती, चारा किती दिवसांचा, आणि या महिन्यात दगावली किती. तिसरा आकडा लिहिताना हात थबकेल. परंतु तो लपविला गेला, तर पहिल्या आकड्याचा अभिमान व्यर्थ आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही ज्योत लावली, त्यांनी दया दिली. पुढील पिढीने तिला चाऱ्याच्या गंजीची जोड द्यावी, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!