फुकटाचा खर्च कोण भरतो?



पेणचा मूर्तिकार गणपतीचे फोटो व्हॉट्सॲपवर धाडतो. रोह्याची आई कुवेतमधल्या लेकाला आवाजी निरोप पाठवते. नेटचे पैसे सोडले तर छदामही पडत नाही. मग खर्च कोण भरतो? ही कंपनी पूर्वी काही जणांकडून वर्षाला एक डॉलर घेई. २०१६ साली तेही सोडले. आता ग्राहकांना निरोप धाडणाऱ्या बँका व कंपन्या पैसे मोजतात. फेसबुक जाहिरातींवर जगते, त्यासाठी आपण काय पाहतो याची नोंद ठेवते. मला ही किंमत जड वाटते. मराठीतही चालणारे ‘कू’ भागीदार न मिळाल्याने २०२४ च्या जुलैत बंद पडले. नोंदी न ठेवणाऱ्या सेवेला वर्षाला शंभर रुपये वर्गणी आपल्यापैकी किती घरे देतील?