शाहिराचा आवाज कोणाच्या मालकीचा?

(तेरखेडा येथे जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेले भाषण)



जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांच्या जगात ‘दुर्मिळ’ हा शब्द मोठ्या मानाचा आहे. शाहीर अमर शेख यांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण कोणाच्या हाती लागले की रसिक गोळा होतात. खरखरीतून तो पहाडी आवाज वर येतो आणि श्रोते भारावून जातात. हा आनंद निर्भेळ आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु दुर्मिळता हा वस्तूचा गुण नव्हे. दुर्मिळतेने किंमत वाढते, मूल्य नव्हे. ज्या आवाजाने हजारोंची मैदाने भारली, तो दुर्मिळ व्हावाच का, हा खरा प्रश्न आहे.

अमर शेख या मुलखाला परके नाहीत. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत त्यांचा जन्म झाला; मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी इथून जवळ, पण १९४८ पर्यंत मध्ये निजामी राज्याची सीमा होती. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबींकडून मिळाला. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, संपात पुढारी आणि मग तुरुंगात कैदी, असा त्यांचा प्रवास झाला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ गावोगाव कडाडला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघाताने हे आयुष्य संपविले.

त्या काळातील अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. पोवाडा तेवढ्यात मावत नाही. त्यातले कथन, श्रोत्यांना घातलेली साद, त्या दिवसाच्या बातमीवरून जागीच जुळविलेली ओळ हे सारे तबकडीबाहेर राहिले. लेबलावर मुख्य गायकाचे नाव येई. झीलकरी, ढोलकीवाला, तुणतुणेवाला बहुधा निनावीच राहत. खुद्द तबकडीची लाखही पळस, बोर, कुसुम या झाडांवरून आदिवासींनी खरवडून आणलेली. म्हणजे ‘एका गायकाची मुद्रिका’ ही मुळात अनेकांच्या श्रमांची निर्मिती होय.

आता मालकीचा विचार करू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६० साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण त्यामुळे २०२० अखेर मुक्त झाले. गीताचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. अमर शेख यांच्या स्वतःच्या रचनांपुरता तो २०२९ अखेरपर्यंत आहे. तोवर वारसांची संमती घेणे हे सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. ध्वनिमुद्रिकांना तो कायदा लागू नाही. लिहिलेला शब्द जपण्याची जबाबदारी राज्याने घेतली, गायिलेला शब्द बाजाराच्या हवाली केला. ज्यांचे वाङ्मय मौखिक होते, त्यांचीच यात हानी झाली.

म्हणून ही मागणी पक्षाने हाती घ्यावी: ध्वनिमुद्रिकांनाही तोच नियम लागू करा. परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तबकडी फुटते, फितीला बुरशी लागते. संग्राहकांनी मूळ वस्तू खुशाल आपल्यापाशी ठेवावी, तिची चांगली नक्कल मात्र गावच्या वाचनालयाला द्यावी. कार्यकर्त्यांनी वृद्ध श्रोत्यांना गाठून, झील कोण धरत असे, ढोलकी कोणाची, मैदानात काय घडले, हे आजच लिहून घ्यावे. ती माणसे तबकड्यांहून दुर्मिळ होत आहेत.

तेरखेडा हे फटाक्यांच्या कारखान्यांचे गाव. जीव धोक्यात घालून येथे हात राबतात. अमर शेख गायिले ते अशाच हातांसाठी. त्यांची गाणी या मजुरांच्या वस्तीत, कामावरून सुटल्यावर, मोठ्याने वाजतील, तेव्हाच ती योग्य वारसांकडे परत गेली असे म्हणता येईल.