बांगलादेश, मत आणि बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी रनाळे येथे दिलेले भाषण)



बांगलादेशाच्या राज्यकारभारावर चार शब्द बोला, असे मंडळाने मला सांगितले. रनाळ्याच्या बायकांना ढाक्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आपल्या खानदेशात कापूस वेचते ती बाईच. हिंदुस्थानच्या कापसाचे नि सुताचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. आणि तिथे सदरे शिवतात त्याही बहुतेक बायाच. वडीलधाऱ्या बायकांना १९७१ सालचे पाच पैशांचे जादा तिकीटही आठवत असेल. सुमारे एक कोट निर्वासित आले होते, त्यांच्यासाठी आपण पत्रांवर ते लावीत होतो.

मुसलमानी देशात लोकशाही रुजत नाही, असे आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील १६२ जागांपैकी १६० जागा लोकांनी अवामी लीगला दिल्या. लष्कराने तो कौल मानला नाही, म्हणून तर पुढचे सारे रामायण घडले. तो देश जन्मला तोच मुळी मताच्या मानासाठी! मग घात कोणी केला? १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांनीच एकपक्षी राज्य आणले. त्याच वर्षी त्यांची हत्या झाली आणि सेनापतींचे दिवस आले. १९९० च्या डिसेंबरात जनरल इर्शाद लोकांच्या रेट्याने गेले, तेव्हा कुठे पुन्हा मोकळे मतदान झाले.

तेथे एक चांगली सोय होती. निवडणुकीपुरते त्रयस्थ सरकार नेमावयाचे, असे १९९६ मध्ये घटनेतच लिहिले. आपल्या भिशीत डबा जिच्या हाती तिनेच चिठ्ठी काढली, तर कोण ऐकून घेईल? तसेच हे. २०११ मध्ये शेख हसीना यांच्या सरकारने ही सोय काढून टाकली. विरोधकांनी बहिष्कार घातला, आणि २०१४ मध्ये ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झाले नाही, उमेदवार बिनविरोध! बाईच्या हातून हे झाले, याचे मला अधिक वाईट वाटते.

१९९१ पासून २०२४ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, खालिदा झिया नाहीतर शेख हसीना, बाईच पंतप्रधान. पण संसदेत बायकांसाठी राखीव ५० जागा लोक मत देऊन भरीतच नाहीत. पक्षांना त्यांच्या बळाप्रमाणे त्या वाटून मिळतात. गावच्या युनियन परिषदेत मात्र १९९७ पासून राखीव जागांवर बायका थेट निवडून येतात. म्हणजे गावात मत आणि राजधानीत मेहेरबानी. आपल्याकडे २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी सरपंचबाईंच्या नावाने कारभार कोण पाहतो, हे मी सांगायला नको.

जुलै २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील राखीव वाट्यावरून विद्यार्थी उठले. १४ तारखेच्या रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुली रस्त्यावर आल्या. त्यांतले एक वसतिगृह मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या बेगम रुकैया यांच्या नावाचे. गोळीबार झाला, १४०० पर्यंत माणसे मेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या तपासाचा अंदाज आहे. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून आल्या. मग हिंदूंच्या घरांवर व देवळांवर हल्ले झाले, तेही लपवू नये.

एप्रिल २०२५ मध्ये तेथील महिला सुधारणा आयोगाने मागणी केली, की संसद ६०० जागांची करा आणि ३०० जागा बायकांना, त्याही थेट मतदानाने. पुढच्याच महिन्यात आयोगच मोडा म्हणून धर्मवाद्यांची प्रचंड सभा भरली. हा विरोध तर अपेक्षितच होता. परंतु सुधारलेले म्हणविणारे पक्ष तरी कुठे धावले? ऑक्टोबरच्या ‘जुलै सनदे’त ५० राखीव जागा तशाच राहिल्या, आणि निदान पाच टक्के उमेदवाऱ्या बायकांना द्याव्यात, एवढ्यावर भागवले. रस्त्यावर उतरलेल्या मुलींना शंभरांत पाच!

फेब्रुवारी २०२६ मध्ये तेथे मतदान होऊन नवे सरकार आले. त्या ५० जागांचा प्रश्न मात्र तेथील बायकांनी अजून सोडलेला नाही. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा भरवावी, असा कायदा आहे. आपल्यापैकी किती जणी तिला गेल्या आहेत, ते चहाच्या वेळी मी विचारणार आहे.