भूमीतील धन आणि राष्ट्राचा विकास : बोट्स्वानाचा अनुभव

(एका अभ्यासमंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत आशिया आणि आफ्रिका खंडांतील अनेक देश पारतंत्र्यातून मुक्त झाले. त्यांपैकी कित्येकांच्या भूमीत तांबे, सोने, खनिज तेल, हिरे असे अमाप धन दडलेले होते. परकी सत्ता गेली की हे धन आपल्या कामी येईल आणि दारिद्र्य हटेल, अशी आशा तेथील जनतेला वाटणे साहजिक होते. परंतु अनुभव निराळा आला. ज्यांच्याजवळ खनिजसंपत्ती अधिक, असे काही देशच कर्जाच्या व अंतर्गत कलहाच्या गर्तेत अधिक खोल गेले. याला अपवाद ठरलेल्या एका देशाची कहाणी आज मी आपणांसमोर मांडणार आहे. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस असलेला, चोहोबाजूंनी भूमीने वेढलेला बोट्स्वाना. त्याचे यश केवळ हिऱ्यांचे नाही, आणि त्याच्यापुढील आजचे संकटही केवळ हिऱ्यांचे नाही. म्हणूनच ही कहाणी अभ्यासण्याजोगी आहे.

वारसा दारिद्र्याचा

1885 मध्ये ब्रिटिशांनी या प्रदेशावर संरक्षण जाहीर केले आणि त्याला बेचुआनालँड असे नाव दिले. पुढे दहाच वर्षांनी हा प्रदेश सेसिल ऱ्होड्स यांच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या हवाली होण्याची वेळ आली. तेव्हा तेथील तीन जमातप्रमुख 1895 मध्ये लंडनला गेले, तेथील लोकमत त्यांनी आपल्या बाजूस वळविले आणि कंपनीच्या तावडीतून आपली भूमी बव्हंशी वाचविली. या तिघांपैकी एक तिसरे खामा होत. स्वतंत्र बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्यांचेच नातू.

संरक्षण मिळाले, तथापि विकास मिळाला नाही. ब्रिटिश राजवटीला या कोरड्या प्रदेशात फारसा रस नव्हता. प्रशासनाचे मुख्य ठाणेदेखील देशाच्या सीमेबाहेर, दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग येथे होते. 30 सप्टेंबर 1966 रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा फ्रान्सएवढ्या विस्ताराच्या या देशात पक्का रस्ता होता अवघा 12 किलोमीटर, आणि विद्यापीठाचे पदवीधर होते 22. दरडोई वार्षिक उत्पन्न 70 डॉलरच्या आसपास होते. लोकांचा मुख्य आधार पशुधनाचा. परंतु त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात सुमारे एक तृतीयांश गुरे दगावली होती. दुष्काळात दावणी रिकाम्या होणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना सांगावयास नको. शासनाचा नित्याचा खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर चालत असे, आणि हजारो तरुण पोटासाठी दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत. असा देश स्वबळावर टिकेल, यावर जगातील फारच थोड्या लोकांचा विश्वास होता.

प्रथम मालकी, मग खाण

खनिजांचा खरा मालक कोण, हा नव्या देशापुढील पहिला प्रश्न होता. परंपरेने जमिनीवर व तिच्या पोटातील धनावर त्या त्या जमातीचा हक्क मानला जाई. तोच कायम राहिला असता, तर ज्या जमातीच्या भूमीत खनिज सापडेल ती श्रीमंत झाली असती आणि उरलेल्या तशाच राहिल्या असत्या. त्यातून पुढे काय उद्भवले असते, हे आफ्रिकेतील इतर काही देशांच्या यादवी युद्धांवरून समजते.

1967 मध्ये खाणी व खनिजविषयक कायदा करून खनिजांचे हक्क राष्ट्राकडे घेण्यात आले. या घटनेचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. त्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला, आणि ओरापा हे स्थळ बामंग्वातो जमातीच्या प्रदेशात येते. सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातील होते. एका इंग्रज तरुणीशी विवाह केल्याबद्दल ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षे हद्दपार केले होते, आणि जमातप्रमुखपदाचा हक्क सोडल्यावरच 1956 मध्ये ते मायदेशी परतू शकले होते. आपल्या जमातीच्या भूमीतील धन सर्व राष्ट्राचे आहे, हे त्यांनी मान्य केले आणि इतरांकडूनही मान्य करवून घेतले. त्यामुळे हिऱ्यांवरून या देशात जमातीजमातींत रक्त सांडले नाही. कायद्याचे एक कलम योग्य वेळी झाले, तर ते किती दूरवर परिणाम करते, याचे हे बोलके उदाहरण होय.

करार आणि सौदाशक्ती

हिरे शोधले होते डी बिअर्स या बलाढ्य कंपनीने. जगातील कच्च्या हिऱ्यांच्या बाजारावर त्या काळी तिचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. नवस्वतंत्र शासनाजवळ ना भांडवल होते, ना तंत्रज्ञ. 1971 मध्ये ओरापाची खाण सुरू झाली, तेव्हा तिच्यात शासनाचा हिस्सा केवळ 15 टक्के होता. परंतु साठा अपेक्षेहून मोठा आहे असे दिसताच शासनाने पुन्हा बोलणी सुरू केली. आपल्याकडे नसलेले ज्ञान बाहेरील तज्ज्ञांकडून मोबदला देऊन मिळविले, घाई केली नाही आणि कंपनीला हाकलूनही लावले नाही. 1975 मध्ये भागीदारी निम्मी-निम्मी झाली. पुढे 1982 मध्ये ज्वानेंग येथील याहून मौल्यवान साठ्याची खाण सुरू झाली. भागभांडवलाचा निम्मा वाटा, कर आणि स्वामित्वधन मिळून नफ्याचा मोठा भाग सरकारी तिजोरीत येऊ लागला.

हिऱ्यांच्या आधीही अशीच दक्षता दाखविली गेली होती. दक्षिण आफ्रिकेबरोबर असलेल्या जकात संघात बोट्स्वानाला मिळणारा वाटा अत्यल्प होता. 1969 मध्ये नवा करार करून तो वाढवून घेण्यात आला. 1972-73 नंतर नित्याच्या खर्चासाठी ब्रिटिश अनुदानाची गरज उरली नाही. या सर्व वाटाघाटींमागे अर्थखाते सांभाळणारे क्वेट मासिरे यांचा मोठा वाटा होता. 1980 मध्ये सेरेत्से खामा यांचे निधन झाल्यावर तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

शेजारचे उदाहरण

या धोरणाचे मोल शेजारच्या झांबियाशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होते. झांबिया 1964 मध्ये स्वतंत्र झाला. तेथील तांब्याचे स्वामित्वधन स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत ऱ्होड्स यांच्या त्याच कंपनीच्या पदरात पडत होते. स्वातंत्र्यानंतर तांब्याचे भाव चढे होते. 1969 मध्ये खाणींचे 51 टक्के भाग शासनाने घेण्याची घोषणा झाली. शाळा, दवाखाने, अन्नावरील अनुदाने यांवर मोठा खर्च सुरू झाला. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु निर्यातीच्या उत्पन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या तांब्याचे होते, आणि 1975 मध्ये तांब्याचे भाव कोसळले. भाव पुन्हा चढतील या आशेवर कर्जे काढली गेली. ते चढले नाहीत, आणि कर्जाचा डोंगर मात्र वाढत गेला. त्यात भर म्हणजे ऱ्होडेशियाशी संघर्ष होऊन समुद्राकडे जाणारा जुना मार्गही 1973 मध्ये बंद झाला होता.

म्हणून झांबियाच्या नेत्यांना केवळ दोष देणे न्याय्य ठरणार नाही. सरकारी मालकी दोन्ही देशांत होती, लोककल्याणाची तळमळही दोन्हीकडे होती. फरक पडला तो चांगल्या वर्षांचे उत्पन्न कायमचे मानले की तात्पुरते, यामुळे. शेतातील पीक दरवर्षी पुन्हा येते. खाणीतील हिरा एकदाच निघतो. म्हणून खाणीतून येणारा पैसा हे व्याज नव्हे, ते मुद्दल आहे. मुद्दल खाऊन टाकणारे घर जसे टिकत नाही, तसेच राष्ट्रही टिकत नाही.

मुद्दलाचा विनियोग

बोट्स्वानाने हे सूत्र बऱ्याच अंशी पाळले. शासनाचा विकासखर्च राष्ट्रीय योजनेच्या चौकटीत आणि संसदेच्या संमतीने होई. खनिजांचे उत्पन्न रस्ते, पाणीपुरवठा, शाळा आणि दवाखाने यांच्याकडे वळविण्यात आले. 1980 मध्ये प्राथमिक शिक्षणाचे शुल्क रद्द झाले आणि 1982 मध्ये देशाचे स्वतःचे विद्यापीठ स्थापन झाले. 1976 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रँडऐवजी स्वतःचे चलन सुरू करण्यात आले. त्याचे नाव ‘पुला’. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस! हिऱ्यांच्या देशाने आपल्या नाण्याला नाव दिले ते पावसाचे, यातच त्या कोरड्या भूमीचे शहाणपण सामावलेले आहे.

भरभराटीच्या वर्षांतील शिल्लक परकीय चलनाच्या गंगाजळीत साठविण्यात आली, आणि 1994 मध्ये पुढील पिढ्यांसाठी ‘पुला निधी’ उभारण्यात आला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणारा बोट्स्वाना हा जगातील पहिला देश ठरला. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत त्याच्या आर्थिक वाढीचा वेग जगातील सर्वाधिक वेगांपैकी एक होता. निवडणुका नियमितपणे होत राहिल्या आणि लष्करी बंड एकदाही झाले नाही.

चित्राची दुसरी बाजू

या चित्रातील काळ्या छटा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हिऱ्याच्या खाणीला यंत्रे फार लागतात, माणसे थोडी लागतात. त्यामुळे देशाचे उत्पन्न वाढले, पण त्या प्रमाणात रोजगार वाढला नाही. विषमतेच्या बाबतीत बोट्स्वाना जगातील अग्रभागी असलेल्या देशांत मोडतो. नव्वदच्या दशकात एड्सच्या साथीने हा देश अक्षरशः पोखरून काढला आणि लोकांचे सरासरी आयुर्मान झपाट्याने घटले. 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांच्या शासनाने रुग्णांना मोफत औषधे देण्याची राष्ट्रव्यापी योजना आफ्रिकेत सर्वप्रथम सुरू केली. साठवून ठेवलेली गंगाजळी अशा वेळी उपयोगी पडली.

मध्य कालाहारीच्या राखीव क्षेत्रातून तेथील मूळ रहिवासी असलेल्या बासारवा लोकांना 1997 व 2002 मध्ये हलविण्यात आले. 2006 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. राष्ट्राची मालकी या तत्त्वाच्या छायेत सर्वांत दुबळ्या घटकाचा हक्क हरवू शकतो, ही गोष्ट या प्रकरणाने दाखवून दिली.

सेलेबी-फिक्वे हे गाव तांबे आणि निकेल यांच्या खाणीसाठी सत्तरच्या दशकात उभे राहिले. 2016 मध्ये ती खाण एकाएकी बंद झाली आणि सुमारे पाच हजार कामगारांची उपजीविका गेली. एका गावावर आलेली ही आपत्ती उद्या सबंध देशावर येऊ शकते, असा तो इशारा होता.

आजचा पेच आणि आपला संबंध

तो इशारा आता खरा ठरू पाहत आहे. बोट्स्वानाच्या निर्यातीत हिऱ्यांचा वाटा सुमारे चार पंचमांश राहिला आहे. प्रयोगशाळेत तयार होणारे स्वस्त हिरे बाजारात आल्यामुळे नैसर्गिक हिऱ्यांची मागणी घटली आहे. येथे आपलाही संबंध येतो. जगातील बहुतेक कच्च्या हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम सुरतेत होते, आणि त्यांचा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून चालतो. मंदी आली की ज्वानेंगच्या खाणीबरोबर सुरतेच्या कारागिरालाही झळ पोहोचते. दुसरीकडे प्रयोगशाळेतील हिऱ्यांचे उत्पादनही सुरतेत मोठ्या प्रमाणावर होते.

2024 मध्ये बोट्स्वानाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे तीन टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून 58 वर्षे सत्तेवर असलेल्या पक्षाचा दारुण पराभव झाला आणि डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. सत्तांतर शांततेने पार पडले, ही समाधानाची बाब होय. 2025 मध्ये डी बिअर्सबरोबर नवा करार होऊन, उत्पादनातील वाढता हिस्सा सरकारी कंपनीने स्वतः विकावा असे ठरले. कच्चा हिरा परदेशी न पाठविता गाबोरोनेतच त्याला पैलू पाडावेत, यासाठीही प्रयत्न झाले, आणि त्यासाठी निघालेल्या कारखान्यांत भारतीय उद्योजकही आहेत. परंतु ज्या वस्तूची मागणीच घटत आहे, तिच्यातील वाटा वाढवून प्रश्न कितपत सुटेल, ही शंका उरतेच.

मित्रहो, या कहाणीचा इत्यर्थ थोडक्यात सांगतो. प्रामाणिक शासन, मालकीचा स्पष्ट कायदा, सावध सौदा आणि काटकसर या चार गोष्टींनी एका दरिद्री देशाला दोन पिढ्यांत मध्यम उत्पन्नाच्या पायरीवर नेले. मात्र शाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला काम देणारे दुसरे उद्योग उभे करणे, हे काम त्या चार गोष्टींनी आपोआप होत नाही. हिऱ्यांच्या भरभराटीत त्याची निकड भासली नाही, आणि आता निकड आहे तर हाताशी पैसा थोडा आहे. गंगाजळी भरलेली असतानाच पुढच्या उपजीविकेची पायाभरणी करावी लागते, हा धडा भूमीत धन असलेल्या प्रत्येक देशाने आणि प्रदेशाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बोट्स्वानाच्या जनतेने यापूर्वीही कठीण काळावर मात केली आहे. यावेळीही ती करील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.