‘संशोधनानं सिद्ध’ म्हणजे नेमकं कुठे छापलंय?

आम्ही पिंप्राळ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमचं पिंप्राळं आता जळगाव महापालिकेत आलंय, पण आषाढी एकादशीला रथ निघाला की गाव अजून गावच असतं. आज आम्ही तुम्हाला आमच्या गटात घडलेली एक गोष्ट सांगणार आहोत. त्या गोष्टीतून आम्ही जे शिकलो, ते तुमच्या गटालाही उपयोगी पडेल.

मागच्या थंडीत आमच्या मासिक बैठकीला एक माणूस आला. त्याच्याकडे रक्तवाढीच्या भुकटीचे डबे होते आणि एका डब्याची किंमत नऊशे रुपये. बोलायला मोठा गोड. म्हणाला, “ताई, हे आंतरराष्ट्रीय संशोधनानं सिद्ध झालंय.” हातात एक गुळगुळीत पत्रक दिलं. त्यावर पांढरा कोट घातलेला माणूस आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरं. आमच्यातल्या चौघींनी तिथल्या तिथे डबे घेतले. पैसे गेले ते गेलेच, पण खरी काळजीची गोष्ट पुढे कळली. आमच्या एका काकूंची सून पाच महिन्यांची गरोदर होती. तिचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास होतं. काकूंनी तिच्या सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या आणि भुकटी सुरू केली. का, तर गोळ्यांनी पोरीला मळमळतं, आणि भुकटी ‘संशोधनानं सिद्ध’ आहे!

आमच्या एकीची भाची विद्यापीठात एम. एस्सी. करते. ती रविवारी घरी आली होती. पत्रक बघून तिनं एकच प्रश्न विचारला, “मावशी, हे संशोधन छापलंय कुठे?” माय वं! हा प्रश्न आमच्या कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता. भाजी घेताना आम्ही वांगं दाबून बघतो, बी घेताना पिशवीवरची तारीख बघतो. मग संशोधन म्हटलं की मान का डोलावतो?

त्या दिवशी आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसलो. तिनं पत्रकावरची बारीक अक्षरं मोबाइलवर टाकली. तो शोधनिबंध सापडला. तो उंदरांवरचा होता, आणि त्यात त्या भुकटीचं नावसुद्धा नव्हतं. भुकटीतल्या एकाच घटकाचा तो अभ्यास होता. माणसांवर, गरोदर बाईवर काय होतं, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. काकू दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळी कधी आणि कशाबरोबर घ्यायची ते नीट सांगितलं, म्हणजे मळमळ कमी होईल. गोळ्या परत सुरू झाल्या. गरोदरपणात या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे आम्हाला आधी माहीत होतं; तरी नऊशे रुपयांची भुकटी आम्हाला जास्त खरी वाटली.

तेव्हा आम्ही ठरवलं की शोधनिबंध शोधायचा कसा, हे गटानं शिकायचं. महिनाभर दर रविवारी आम्ही भाचीकडून शिकलो. ते आता तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, शब्द. आपण ज्याला बाजरी म्हणतो, त्याला पोषणशास्त्राचे लोक ‘पर्ल मिलेट’ म्हणतात, आणि शेतीतले शास्त्रज्ञ पुष्कळदा ‘पेनिसेटम ग्लॉकम’ असं लॅटिन नाव लिहितात. अर्थशास्त्राच्या निबंधात तीच बाजरी ‘भरड धान्य’ या नावाखाली बसलेली असते. धान्य एकच, पण प्रत्येक विषयात ती वेगळ्या नावानं राहते, जशी आपली लेक सासरी गेली की तिला वेगळ्या नावानं हाक मारतात. म्हणून एकाच नावानं शोधलं आणि काही मिळालं नाही, तर निराश होऊ नका, दुसरं नाव टाका. केळीवरचा हरण्या रोग घ्या. ‘हरण्या’ टाकलं तर फारसं काही मिळत नाही, ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ टाकलं की ढीगभर निबंध येतात. ही नावं कोणाला विचारायची? शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना, कृषी सहायकाला, आशाताईंना, कॉलेजात जाणाऱ्या पोरींना. आम्ही गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर आपला शब्द आणि त्यांचा शब्द अशी यादीच केली आहे.

दुसरी गोष्ट, शोधायचं कुठे. साध्या गूगलवर टाकलं तर आधी जाहिराती येतात आणि विकणारे येतात. त्यासाठी ‘गूगल स्कॉलर’ नावाची वेगळी जागा आहे. ती २००४ साली सुरू झाली. ती उभी करण्यात अनुराग आचार्य या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा आहे. तिथे शेती, आरोग्य, कायदा, इतिहास, शिक्षण अशा सगळ्या विषयांचे निबंध एकाच ठिकाणी शोधता येतात. आमचा सल्ला असा की सुरुवात तिथून करा, मग विषयाच्या घरी जा. आरोग्याचं घर म्हणजे ‘पबमेड’. शेतीचं घर म्हणजे ‘कृषिकोश’. तिथे राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांसारख्या कृषी विद्यापीठांतले प्रबंध ठेवलेले असतात. आणि आपल्या देशातल्या विद्यापीठांत पीएच. डी. साठी लिहिलेले प्रबंध ‘शोधगंगा’ या ठिकाणी असतात. शोधगंगा गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. तिथे मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत. बचत गट, केळी बागायतदार, अहिराणी बोली, आदिवासी बायकांचं आरोग्य, काहीही टाकून बघा. फक्त शीर्षक कधी देवनागरीत तर कधी इंग्रजी अक्षरांत असतं, म्हणून दोन्ही तऱ्हेनं शोधा. या सगळ्या जागा बघायला पैसे लागत नाहीत.

आणि सगळंच मोबाइलवर नसतं, हेही लक्षात ठेवा. आपल्या खानदेशाचा इतिहास शोधायचा तर धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. १९२७ साली ते सुरू झालं. जुनी कागदपत्रं, हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत. तिथे पायानं जावं लागतं.

तिसरी गोष्ट, वाचायचं काय. निबंध दहा-वीस पानांचा, तोही इंग्रजीत. घाबरू नका. प्रत्येक निबंधाच्या डोक्यावर एक गोषवारा असतो, दहा-पंधरा ओळींचा. तेवढाच मोबाइलवर भाषांतर करून वाचा. भाषांतर कधी कधी वेडंवाकडं येतं, तेव्हा आकडे मूळ निबंधातले बघा. आणि पाच प्रश्न विचारा. अभ्यास कोणावर केला, माणसांवर की उंदरांवर? किती जणांवर? किती दिवस? कोणाशी तुलना केली? आणि पैसे कोणी दिले?

एक खरं उदाहरण देतो. बाजरीवर शोधताना आम्हाला २०१५ सालचा एक निबंध सापडला. ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’ या नियतकालिकात तो छापलाय. अभ्यास आपल्याच महाराष्ट्रातला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. बारा ते सोळा वर्षांची २४६ मुलं-मुली त्यात होती. काहींना लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची. हो, भाकरीच! इंग्रजी निबंधात ‘भाकरी’ हा आपला शब्द वाचला तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. चार महिन्यांनी बघितलं तर लोह जास्त असलेल्या बाजरीच्या गटात शरीरातला लोहाचा साठा वाढलेला होता. लोह जास्त असलेली ‘धनशक्ती’ ही बाजरीची जात २०१२ साली आपल्या महाराष्ट्रातच आली आहे.

आता पाच प्रश्न लावा. माणसांवर? हो. तुलना होती? हो. पण मुलं शाळकरी वयाची होती, गरोदर बायका नव्हत्या. बाजरी खास जातीची होती, बाजारातली कुठलीही नव्हे. आणि पैसे हार्वेस्टप्लस या संस्थेनं दिले होते, जी अशीच जास्त पोषणाची पिकं पसरवण्याचं काम करते. म्हणून निबंध खोटा ठरत नाही, पण हे माहीत असावं. मग आम्ही काय ठरवलं? हिवाळ्यात भरतासोबत कळण्याची भाकरी आहेच, आठवड्यातून चार दिवस बाजरीचीही करायची. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. वर लिंबू पिळायचं. पण गोळ्यांच्या जागी भाकरी नाही, गोळ्या त्या गोळ्याच.

चौथी गोष्ट, पैसे. काही निबंध उघडायला गेलं की दोन-तीन हजार रुपये मागतात. देऊ नका. गूगल स्कॉलरवर त्या निबंधाच्या खाली इतर आवृत्त्यांची जोडणी असते, तिथे पुष्कळदा तोच निबंध फुकट मिळतो. नाहीतर लेखकाचा ई-मेल निबंधावर छापलेला असतो, त्याला दोन ओळी लिहा. आपलं काम वाचायला कोणी मागितलं की पुष्कळ संशोधक आनंदानं पाठवतात. आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, आणि सुमारे १३ हजार नियतकालिकं. देशभरातल्या ६३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती वाचता येतात. आपली पोरं त्यातल्या एखाद्या संस्थेत शिकत असतील तर त्यांना सांगा, “बाळा, एवढा एक निबंध वाचून सांग.” फी आपणच भरतो ना!

आता कोणी म्हणेल, चूल-मूल, शेत, गाय सांभाळून हे उद्योग आपण कशाला करायचे? त्याला आमचं उत्तर असं. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निबंध छापला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली होती. त्यातल्या ९२ टक्के बायकांना अंगावरचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब होता. आपल्यासारख्या बायकांनी मोकळेपणानं सांगितलं, तपासून घेतलं, म्हणून ते जगाला कळलं. म्हणजे संशोधन आपल्या अंगावरून, आपल्या शेतातून, आपल्या भाकरीवरून होतं. मग ते आपण वाचायचं नाही, आणि भुकटी विकणाऱ्यानं त्याचं नाव घेऊन आपल्याला फसवायचं, हे काही बरोबर नाही.

आणि लिहिता-वाचता येत नाही म्हणून लाजायचं कारण नाही. आमच्या गटात तिघी अंगठा लावतात. पण “किती जणांवर केलं?” हा प्रश्न सगळ्यात आधी त्यांच्यातलीच एक विचारते. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. रजिस्टरमध्ये एक प्रश्न लिहा, तुमच्या घरातला, तुमच्या शेतातला. त्याच्यापुढे त्याची दोन-तीन नावं लिहा. एका शिकणाऱ्या पोरीला सोबत बसवा आणि एक गोषवारा मोठ्यानं वाचा. जे कळेल ते औषधाच्या बाबतीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि ‘संशोधनानं सिद्ध’ म्हणत कोणी दारात आला, तर पाणी द्या, बसायला द्या, आणि विचारा, “दादा, छापलंय कुठे?”

काकूंच्या सुनेचं हिमोग्लोबिन आता दहाच्या वर आलंय. ती या वेळी आमच्याबरोबर इथे येणार होती, पण नववा महिना आहे, म्हणून घरी बसून ऐकतेय. पोरी, गोळी घेतली ना?