कोर्टाचा कागद आणि आपण बायका

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. शंभर पोळ्या लाटायला सांगा, पण भाषण नको, असे मी चिटणीसबाईंना म्हटलेही. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले तेवढेच सांगा." बहिणीची परवानगी घेऊन सांगते. यात चूक माझी आहे, ती लपवीत नाही.

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून २०१९ साली चार वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. आईवडील नाहीत, तेव्हा माझे घर हेच तिचे माहेर. २०२२ च्या पावसाळ्यात एका दुपारी कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहिला. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता, त्याचे समन्स घेऊन. बहीण घाबरून आत गेली. मी मात्र पदर खोचून पुढे झाले. "आम्ही घेत नाही, जा," म्हणाले. माझी समजूत अशी, की टाळी एका हाताने वाजत नाही. आपण गेलोच नाही तर कोर्ट काडीमोड देणार कसा? बेलीफाने शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावले, कागद दाराला चिकटवला आणि तो निघून गेला. मी तो ओल्या हाताने खरवडून काढला आणि बंबात घातला.

पुढे कोणी आले नाही. मला वाटले, आपण जिंकलो. २०२३ च्या संक्रांतीला वाणसामान आणायला गेले, तर तिच्या सासरच्या गावची एक बाई भेटली. म्हणाली, "निकाल दसऱ्याआधीच लागला की! त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघताहेत." पिशवी तशीच दुकानात ठेवून मी घरी आले.

वकिलांकडून निकालाची नक्कल काढली. त्यात लिहिले होते, की बायको काही कारण नसताना घर सोडून गेली आणि दोन वर्षांवर परतली नाही. नवऱ्याने शपथेवर सांगितले, त्याच्या भावाने री ओढली. उलट विचारायला आमच्याकडचे कोणी नव्हते. बहिणीच्या मोडलेल्या हाताची सरकारी दवाखान्याची चिठ्ठी त्या वेळी माझ्या कपाटात पत्र्याच्या डब्यात पडून होती.

वकिलांनी समजावून सांगितले. कागद घेतला नाही तरी तो दाराला लावता येतो, आणि कोर्टाची खात्री पटली की तो पोचला असेच धरतात. समोरचे माणूस आले नाही म्हणून कोर्ट डोळे झाकून घटस्फोट देत नाही, पुरावा पाहतेच. पण पुरावा एकाच बाजूचा असेल तर न्यायाधीश तरी काय करणार? याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. तो रद्द करून मागायला निकालापासून ३० दिवस असतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर कळल्या दिवसापासून ३० दिवस. आमची मुदत टळली होती. तरी उशीर माफ करण्याचा अर्ज दिला. कोर्टाने विचारले, का आला नाहीत? बेलीफाचा अहवाल आणि शेजाऱ्यांच्या सह्या समोर होत्या. कागद दिसलाच नाही असे सांगू या, असे मी आदल्या रात्री बहिणीला सुचवले होते. ती म्हणाली, "ताई, खोटे त्यांनी सांगितले. आपण नको." अर्ज फेटाळला गेला. वर अपील करता आले असते, पण तिची उमेद संपली होती. नांदायला तिला जायचे नव्हतेच. पण "कारण नसताना घर सोडले" हे शब्द तिच्या नावापुढे कायमचे राहिले, आणि ते माझ्यामुळे.

मग मुलीच्या आणि तिच्या पोटगीसाठी अर्ज केला. घटस्फोट झालेल्या बाईने पुन्हा लग्न केले नसेल, तर तिलाही पोटगी मागता येते. पूर्वीचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, नव्या संहितेत कलम १४४ झाले आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तिथे आम्ही गेलो. यावेळी एकही तारीख चुकवली नाही. एकदा मुलीला ताप होता, तर सकाळीच वकिलांकरवी अर्ज देऊन पुढची तारीख मागितली. इकडे नवराच येईनासा झाला. कोर्टाने त्याच्यावाचून काम चालवून पोटगी मंजूर केली. जी रीत आम्हाला लागू झाली, तीच त्यालाही झाली.

भगिनींनो, माझे सांगणे थोडके आहे. कोर्टाचा कागद आला तर हात पुढे करून घ्या. घेतला म्हणजे कबूल केले असे होत नाही. त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहा. आपले लेखी म्हणणे साधारण ३० दिवसांत द्यावे लागते. एखादी तारीख हुकली, तर घाबरून घरी बसू नका. काम चालू असेतोवर पुढच्या तारखेला जाऊन कारण सांगता येते. अर्ज आपणच केला असेल आणि आपणच गैरहजर राहिलो, तर तो काढून टाकला जातो. कोर्ट फार लांब असेल, तर काम जवळ आणण्यासाठी उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. न जाणे हा उपाय नव्हे. प्रत्येक कामाला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो मागून घ्या. घरातली मुले त्यावरून मोबाइलवर पुढची तारीख काढून देतात.

आमच्या दारावर त्या कागदाच्या खळीचा डाग अजून आहे. दिवाळीला दार रंगवताना तेवढी जागा मी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली. कोणी विचारले, की ही गोष्ट सांगते. आज तुम्हाला सांगितली. काही चुकले असल्यास क्षमा असावी.