काथ्याने शिवलेलं जहाज

आपल्या तेल्हाऱ्यापासून समुद्र खूप दूर, पण आजची समुद्रावरची गोष्ट आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या अजिंठ्यातून सुरू होते. तिथल्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून भारतीय नौदलानं ‘कौंडिण्य’ हे जहाज घडवून घेतलं.

२०२३ मध्ये गोव्यात काम सुरू झालं. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवल्या. शिवण लवचिक असते, म्हणून लाटेचा मार बसला तरी जहाज तो झेलतं. जुना आराखडा हाती नव्हता, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या चाचण्या घेतल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं.

जुन्या पद्धतीच्या नावा घडवण्याचा हा ध्यास आयर्लंडमध्येही दिसतो. तिथली ‘करख’ होडी म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर पूर्वी कातडं, आता डांबर लावलेलं जाड कापड. प्रवासी-लेखक टिम सेव्हरिन यांनी १९७६-७७ मध्ये अशाच कातडी नावेतून अटलांटिक ओलांडला.

श्रोतेहो, चित्रावरून आकार मिळतो, पण टाका किती आवळायचा हे कारागिराचा हातच सांगतो. आपल्या गावातल्या सुतार-बुरुडांजवळही असं ज्ञान आहे. मुलांना त्यांच्याजवळ बसवा, काम शिकू द्या आणि त्या कामाला योग्य मोल द्या.